जा, तुझे माग मी बघतो

राजय्यामामांना मागून हाक मारून काही उपयोग नसे. समोर जाऊन उभं राहायचं, त्यांची नजर आपल्या तोंडावर आली की मग बोलायचं. सगळ्या चाळीत फक्त माझा आवाज त्यांना पाठीमागूनही ऐकू येई, आणि त्याचं त्यांना भारी कौतुक. "अक्काचा गळा म्हंजे गिरणीचा भोंगाच की!" असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. मी एसटीत कंडक्टर. भरल्या गाडीत मागच्या बाकापर्यंत ओरडून ओरडून आवाजाचं हे झालंय, त्यात कौतुक कसलं? नवरा तर म्हणतो, जरा हळू बोल, म्हशी बुजतात. पण मामा म्हणाले की मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

गाव माझं माळशिरसकडचं. सोलापूर डेपोला बदली झाली तेव्हा पूर्व भागातल्या एका चाळीत मी खोली घेतली. आमचे हे तिकडं ऊस आणि म्हातारा-म्हातारी सांभाळायला, आणि इकडं मी एकटी: डबा, ड्यूटी आणि दाराला कुलूप. चाळीत सगळी विणकरांची घरं, घरात तेलुगू आणि ओट्यावर मराठी. मी सामान उतरवत होते, तर समोरच्या खोलीतून एक उंच वाळका म्हातारा चालत आला. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, कानांच्या पाळ्यांवर केस. ना नाव विचारलं, ना गाव. माझ्या खाकी बाहीचा एक दोरा लोंबत होता, तो दोन बोटांत धरला, पीळ दिला, तोडला आणि त्याची गोळी करून स्वतःच्या खिशात टाकली. मी म्हटलं, "ओ बाबा, हे काय चाललंय?"

ते माझ्या ओठांकडं बघत म्हणाले, "तार लोंबली की नजर जात्ये. राग मानू नका, अक्का."

कुणाचंही कापड दिसलं की त्यांचा अंगठा आणि बोट तिकडं गेलंच. माझा टॉवेल वाळत घातला होता तो चाचपून म्हणाले, "हे टॉवेल न्हाय, हे पोतं हाय. कुटं घेतलं?" कपडा दोरीवर वाकडा असला तर कुणाचाही असो, सरळ करून पुढं जायचे. 'कसे आहात' हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नाही. मूठ हवेत गोल फिरवायची आणि भुवया उडवायच्या, म्हणजे 'माग चालू ना?' आपण पण मूठ फिरवायची, झाली विचारपूस. उभा जन्म यंत्रमागाच्या कारखान्यात गेलेला, तिथल्या खडखडाटात कान गेले. चाळीला लागूनच तो कारखाना होता. ते घरी असले की बोलता बोलता भिंतीला तळवा लावून बसायचे. म्हणायचे, "कान गेला तर काय झालं, भिंत सांगत्ये की. सहा नंबर आज खोकतोय."

घरात दोनच माणसं, मामा आणि त्यांचा मुलगा श्रीनू. मामी बिड्या वळायच्या, त्या मी यायच्या आधीच गेल्या होत्या. मुलगी लग्न होऊन भिवंडीला. श्रीनू तिशीतला, देखणा, हनुवटीवर खळी. बापाशेजारीच मागावर काम करायचा. कुणाच्या अध्यातमध्यात नाही, कुणाशी बोलणं नाही.

पहिला महिनाभर मला वाटलं, हा पोरगा मुका आहे. ओट्याच्या या टोकाला बाप, त्या टोकाला मुलगा, आणि नुसते हात चाललेले. मी चाळीतल्या बायकांना म्हटलं, बिचारे, बापाला कान नाही आणि पोराला वाचा नाही. बाया हसून हसून लोळायच्या बाकी. मग त्यांनी सांगितलं की मागाच्या खात्यात कानाशी तोफ उडाली तरी कळत नाही, म्हणून तिथं सगळे हातांनी बोलतात, आणि हे दोघं घरी पण तसंच. दोन बोटं एकमेकांत अडकवून सोडली, म्हणजे तार तुटली. मिशीवरनं हात फिरवला, म्हणजे मालक येतोय. प्रत्येक माणसाला आपली खूण. श्रीनूची खूण, हनुवटीला बोट लावायचं. माझी पण खूण ठरली होती म्हणे: तोंडापुढं मूठ धरून भोंगा वाजवायचा! हात्तिच्या, मी म्हटलं, म्हणजे हे माझ्या पाठीमागं नाही, माझ्या तोंडावर माझं नाव घेत होते आणि मला पत्ता नाही.

त्यातली एक खूण मामांनी मला नीट समजावून सांगितली होती. विणकराला चहाला, लघवीला जायचं असलं तर चालू माग सोडून जाता येत नाही. मग तो शेजारच्याकडं बघतो. शेजारचा आपला तळवा छातीवर ठेवतो आणि मान हलवतो. म्हणजे, जा, तुझे माग मी बघतो. तू परत येईपर्यंत मी हितनं हलत नाही. "ही खूण करून माणूस हलला," मामा म्हणाले, "तर परत त्याच्याशेजारी कुणी काम करत न्हाय. शिवी दिली तर चालत्ये. ही खूण खोटी चालत न्हाय."

श्रीनूच्या आजाराचं मला त्यांनी एका दुपारी सांगितलं. मी ड्यूटीवरनं आले होते, पाय सोडून ओट्यावर बसले होते. श्रीनू कॉलेजात होता तेव्हा त्याला आवाज यायला लागले. कोपऱ्यात बसायचा, कानावर उशा धरायचा, जेवायचा नाही. मामी रडायच्या. मामांना काहीच सुचेना. एक दिवस घरी ठेवायला कुणी नव्हतं म्हणून त्याला कारखान्यात घेऊन गेले, आणि मागांच्या मध्ये उभा केला. पोरानं कानावरचे हात काढले, इकडं तिकडं बघितलं आणि हसला. त्या खडखडाटात ते आवाज बुडून गेले होते. "लई दिवसांनी हसला, अक्का," मामा म्हणाले. "मला वाटलं, सापडलं औषध."

मग काय, दुसऱ्या दिवशीपासून श्रीनू मागावर. बापानं पोराला तारेला तार जोडायला शिकवलं, आणि कारखान्यात जायचा म्हणजे बरा आहे, असं धरून चालले. डॉक्टरकडं न्यायचं कुणाच्या मनातच आलं नाही. सुट्टीच्या दिवशी तेवढा पोरगा भिंतीशी जाऊन बसायचा, तर मामा म्हणायचे, उद्या माग चालू झाले की होईल सरळ.

आणि एक दिवस मालकानं कारखाना बंद केला. माग भंगारात गेले. ट्रक भरून लोखंड जाताना चाळीतली सगळी माणसं रस्त्यावर उभी होती, मामा सोडून. मी आत डोकावले तर ते भिंतीला तळवा लावून बसलेले. भिंत गप्प. त्यांच्यामागं श्रीनू दोन्ही हात कानांवर गच्च दाबून उभा होता आणि मामांना ते दिसत नव्हतं. मला तेव्हा त्या घराची फार भीती वाटली.

त्यानंतर मामांनी जे काय केलं ते ऐकून हसावं की रडावं. माझ्याकडं आले आणि म्हणाले, "अक्का, तुमच्या मोबाईलमध्ये आवाज भरून घेता येतो का?" मी म्हटलं, येतो की. तर मला दोन गल्ल्या पलीकडच्या एका चालू कारखान्यात घेऊन गेले. तिथं मागांच्या मध्ये मोबाईल हातात धरून मी उभी आणि मामा मला हातानं सांगतायत, अजून जवळ, अजून जवळ! तिथल्या विणकरांना वाटलं एसटीवाली बाई तपासणीला आली. घरी येऊन ते श्रीनूच्या कानाला लावलं. श्रीनू ऐकत बसला, मामा त्याच्या तोंडाकडं बघत बसले. चेहरा जरा सैल झाला. मामांनी माझ्याकडं बघून मूठ फिरवली: चालू! आणि तेवढ्यात श्रीनूनं माझा नवाकोरा मोबाईल भिंतीवर फेकला. तो म्हणाला, "ह्याच्यात पण तेच बोलतायत." मामांना ऐकू आलं नाही. ते मला विचारायला लागले, काय म्हणाला, काय म्हणाला? ते वाक्य मलाच त्यांना ओरडून सांगावं लागलं.

मग लोकांचे सल्ले सुरू. कुणी म्हणे बाहेरचं आहे, कुणी म्हणे लग्न करून टाका. मामा एका बाबाकडं जाऊनही आले. तो बाबा पुटपुटून मंत्र द्यायचा, आणि मामा दर वेळी "आँ? काय म्हणला?" बाबा वैतागला, म्हणाला मंत्र मोठ्यानं म्हणायचा नसतो. परत आल्यावर मामा मला म्हणाले, "त्याचं मला काय ऐकू आलं न्हाय, पण त्याला पण काय माहीत न्हाय, एवढं तोंडावरून कळलं." मी म्हटलं, मामा, आता पुरे. चला दवाखान्यात. तर म्हणाले, "येतो. पण तुमी चला, अक्का. एक दिवस माझे कान व्हा."

मी रजा टाकून त्यांच्याबरोबर गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, तोंडाला मास्क. मामांना ओठ दिसेनात. "बाई, तोंड दाखवा की," म्हणाले. त्यांनी हसून मास्क खाली केला, बिचाऱ्या शेवटपर्यंत मामांकडं तोंड करून सावकाश बोलल्या. आवाज कधीपासून येतात, काय म्हणतात, झोप लागते का, सगळं विचारलं. मामाच म्हणाले, "बाई, मला खरं ऐकू येत न्हाय, ह्याला खोटं ऐकू येतंय. दोघांत मिळून एक चांगला कान न्हाय आमच्याकडं."

बाई म्हणाल्या, हा आजार आहे, याला औषध आहे, आवाज कमी होतील, पण गोळी रोज घ्यायची आणि मनानं बंद करायची नाही. मग मामांनी विचारलं, "मी मागात बसवलं त्याला, ते चुकलं का?" बाई म्हणाल्या, तुम्ही तुमच्या परीनं सांभाळलंत, पण तेव्हाच इथं आणलं असतं तर बरं झालं असतं. मामांनी ते ओठांवरून वाचलं होतं, मला खात्री आहे. तरी माझ्याकडं वळून म्हणाले, "काय म्हणल्या?" आणि मी कान व्हायला आलेली. माझ्या त्या भोंग्यानं ते वाक्य सगळ्या व्हरांड्याला ऐकू गेलं. मामांनी मान हलवली. माझ्या बाहीला दोरा नव्हता, तरी बाहीवर बोट फिरवत राहिले.

गोळ्यांनी फरक पडला. श्रीनू जेवायला लागला, आंघोळ करायला लागला, एकदा तर त्यानं मला "अक्का, आज लवकर?" असं आपणहून विचारलं. मी इतकी खूश झाले की ड्रायव्हरला पेढे दिले. पण त्याच्या बोटांना कंप सुटला होता. चालू कारखान्यातनं कामाला बोलावणं आलं, आणि हा दोन तारा घेऊन बसला तर गाठ बसेना. पुन्हा पुन्हा करून बघायचा. विणकराची बोटं, हो! त्यानं कुणाला न सांगता गोळ्या पाण्याच्या टाकीमागं थुंकायला सुरुवात केली. कंपाला वेगळी गोळी असते, सांगायचं तरी होतं, असं डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या. पण तोवर पोरगा पुन्हा कोपऱ्यात गेला होता, आणि आधीपेक्षा खोल.

आता ते आवाज बापाच्या आवाजात बोलायला लागले. श्रीनूचा मामांच्या शब्दावर विश्वास राहिला नाही. मामांनी तोंड उघडलं की तो भिंतीकडं वळायचा. पण हात केले की बघायचा. मला एकदा हळूच म्हणाला, "अक्का, त्यांना नायनाचा आवाज काढता येतो. नायनाचे हात करता येत न्हायत." नायना म्हणजे बाप. मी मामांना जाऊन ते सांगितलं. त्या दिवसापासून मामांनी पोराशी तोंडानं बोलणं बंद केलं. बहिऱ्या माणसानं आपला आवाजही ठेवून दिला. समोरच्या खोलीत दोन माणसं राहतात हे नुसतं भांड्यांच्या आवाजावरून कळायचं.

श्रीनूला वाटायचं, आपण खोलीबाहेर गेलो की 'ते' आत येऊन बसतील. म्हणून तो संडासलाही जाईना. मग मामा उंबऱ्यावर बसायचे आणि छातीवर तळवा ठेवायचे. जा, तुझे माग मी बघतो. मग पोरगा उठायचा, अंगणाच्या टोकाला जाऊन यायचा. आणि तो येईपर्यंत मामा उंबऱ्यावरून तसूभर हलत नसत. आमच्याकडं नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांनी. पाणी आलं की चाळीत दंगल. एकदा नेमकं पाणी आलं आणि श्रीनू न्हाणीत. सगळे घागरी घेऊन पळतायत, आणि मामा छातीवर हात ठेवून बसलेले. मी ओरडले, "अवो मामा, उठा की, पाणी चाललं!" ऐकू गेलं त्यांना, माझं कसं नाही जाणार? नुसती मान हलवली: नाही. शेवटी मीच शिव्या घालत त्यांच्या घागरी भरल्या. श्रीनू आला, खोलीत गेला, तेव्हा कुठं तो हात खाली आला. "अक्का, त्याला ठाऊक न्हाय आत कोण येणार न्हाय ते," मामा म्हणाले. "पण मी बसलोय, हे तरी खरं पायजे की."

मग श्रीनूनं अन्नाला हात लावणं सोडलं. नंतर पाणीही. डोळे आत गेले, ओठ फुटले. मामा एकटेच दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आता भरतीच करावं लागेल, उशीर केला तर पोरगा हाताला लागणार नाही, माणसं आणि गाडी पाठवते. मामा येऊन माझ्या दारात उभे राहिले. मला म्हणाले, "तो गाडीत बसणार न्हाय. खोलीतनं ओढला तर डोकं फोडून घेईल. बाहेर आणायला एकच रस्ता हाय." कुठला, ते मला तेव्हा कळलं नाही.

गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली होती. दोन माणसं न्हाणीच्या भिंतीआड उभी राहिली. मामा उंबऱ्यावर बसले. आत बघून त्यांनी छातीवर तळवा ठेवला आणि मान हलवली. श्रीनू उठला. अंगात त्राण नव्हतं, भिंत धरत धरत बाहेर आला, बापाच्या खांद्याला घासून पुढं गेला. अंगणाच्या मध्यावर त्या माणसांनी त्याला धरलं. फार काही झटापट झाली नाही. त्यानं मागं वळून उंबऱ्याकडं बघितलं. उंबरा मोकळा होता. मामा उठून त्याच्या चपला घेऊन त्याच्यामागं धावले होते. श्रीनूनं बापाच्या हाताकडं बघितलं, नुसतं हाताकडं, आणि तोंड फिरवलं.

त्या रात्री काय झालं मला माहीत नाही. सकाळी मी ड्यूटीला निघाले तेव्हा मामा उंबऱ्यावर बसले होते. मूठ फिरवली नाही. म्हणाले, "हातानं खोटं बोललो, अक्का. तेवढंच एक राहिलं होतं त्याच्याकडं." मी म्हटलं, जीव वाचावा म्हणून केलं ना? ते म्हणाले, "व्हय. पण उठलो की मी."

दवाखान्यात सांगितलं, औषध लागू पडतंय, पाणी पितोय, पण तुमचं नाव काढलं की चवताळतो, सध्या वर येऊ नका. मामा वर गेले नाहीत. रोज दुपारी दवाखान्याबाहेर रस्त्याच्या कडेला, श्रीनूच्या वॉर्डच्या खिडकीखाली जाऊन उभे राहायला लागले. खिडकी पहिल्या मजल्यावर, जाळीची. तिच्याकडं तोंड वर करून छातीवर तळवा ठेवायचा आणि उभं राहायचं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, जाळीआड काय दिसणार त्यांना कप्पाळ? ऑपरेशन करा म्हटलं तर म्हणायचे, श्रीनू घरी आला की करतो. जाणारे येणारे थबकून बघायचे. रस्त्यापलीकडचा चहावाला हाका मारायचा, "आजोबा, या की, चहा घ्या, बसा जरा." मामा मान हलवायचे: नाही.

माझी अकलूजची गाडी त्याच रस्त्यानं जायची आणि तिथंच थांबा होता. रोज मला ते दिसायचे. माझा जीव तुटायचा. ऊन मी म्हणत असायचं, सदरा पाठीला चिकटलेला. एकदा दारातून ओरडले, "मामा, सावलीला तरी बसा की!" त्यांनी ऐकलं. हात न हलवता नुसतं तोंड माझ्याकडं वळवून म्हणाले, "उंबऱ्यावर बसलोय की अक्का. उठून कसं चालंल?" एकदा गाडीतला एक पॅसेंजर म्हणाला, "ते म्हातारं येडं हाय का काय, रोज असं उभं ऱ्हातंय?" मी त्याला असं काही झापलं की बिचारा पुढच्या थांब्यालाच उतरला. त्याला कुठं उतरायचं होतं कुणास ठाऊक.

मग माझी अकलूज डेपोला बदली आली. किती दिवस मागत होते, तर आली ती नेमकी तेव्हा. घर जवळ येणार म्हणून आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. शेवटच्या ड्यूटीला गाडी त्या थांब्यावर आली तेव्हा आभाळ भरून आलं होतं, वॉर्डात दिवसाच दिवे लावले होते. मामा जागेवर. चढणारे पॅसेंजर भांडत होते. मी पायरीवरून वर सरकले, आणि सहज खिडकीतून दवाखान्याकडं बघितलं. गाडी उंच, वॉर्डात उजेड, त्यामुळं जाळीआडचं मला स्वच्छ दिसलं. श्रीनू उभा होता. केस कापलेले, दाढी केलेली, अंगानं जरा भरलेला. खाली रस्त्याकडं बघत होता. आणि त्याचा उजवा तळवा छातीवर होता.

मी खिडकीतून तोंड काढून ओरडले, "मामा! वर बघा, वर!" पण शेजारी ट्रक भोंगा वाजवत उभा. मामांनी ज्या आवाजाचं एवढं कौतुक केलं तो नेमका तेव्हा कमी पडला. मामांनी एवढंच ऐकलं की अक्का हाक मारतेय. माझ्याकडं बघितलं. मी छातीवर तळवा ठेवला आणि वर बोट केलं. त्यांना वाटलं, मी जाते म्हणून निरोप घेतेय. त्यांनी डावी मूठ फिरवली: चालू दे तुझं. "अवो तसं न्हाय!" मी गाडीत पाय आपटला. मग हनुवटीला बोट लावलं, छातीवर तळवा ठेवला, आणि खिडकीकडं हात केला. श्रीनू. तुझे माग मी बघतो. तिथून.

मामा खिडकीकडं बघत राहिले. त्यांना काही दिसलं नसणार. परत माझ्याकडं वळले, भुवया वर केल्या: खरंच? मी पुन्हा केलं, सावकाश, एकेक खूण. गाडीतली माणसं माझ्याकडं बघायला लागली, बघू देत. माझ्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि मला ते पुसायचंही सुचत नव्हतं.

मामांनी छातीवरचा हात खाली घेतला. तो जरा झटकला, बोटं उघडमीट केली. मग आमच्या गाडीसमोरून रस्ता ओलांडला. ड्रायव्हर थांबून राहिला, निघायची बेल मी दिलीच नव्हती. चहाच्या गाड्याशी एक बाकडं होतं, मामा त्याच्यावर टेकले. चहावाल्यानं न विचारता ग्लास पुढं केला. मामांनी तो दोन्ही हातांत धरला, फुंकर मारली आणि सावकाश प्यायला लागले. मग मी डबल बेल दिली. गाडी वळेपर्यंत मी त्यांच्याकडं बघत होते. दवाखान्याकडं त्यांची पाठ होती.